मर्ल ओबेरॉन

मर्ल ओबेरॉन (१९ फेब्रुवारी १९११ – २३ नोव्हेंबर १९७९) ही १९३० व १९४० च्या दशकांत ब्रिटिश आणि हॉलिवूड चित्रपटांत गाजलेली अभिनेत्री होय. तिचा जन्म मुंबईत एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. मात्र चित्रपटसृष्टीत नाव झाल्यापासून ती ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जन्मल्याचेच सांगितले जाई. तिचे मूळ नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. शार्लट सेल्बी हिने तिला मुलगी म्हणून वाढवले. प्रत्यक्षात शार्लट ही तिची आजी, तर बहीण म्हणवली जाणारी कॉन्स्टन्स ही तिची जन्मदात्री होती.

बालपण कोलकात्यात घालवून १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती युरोपात गेली. निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा याने ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मध्ये तिला राणी अ‍ॅन बोलिनची छोटीच, पण लक्षात राहणारी भूमिका दिली. टास्मानियाची कथाही याच सुमारास प्रसिद्धीसाठी रचली गेली. त्या काळी हॉलिवूडच्या नियमावलीत गोऱ्या व अन्य वंशांच्या व्यक्तींमधील प्रेमसंबंध दाखवण्यासही मनाई असल्याने मिश्रवंशीय स्त्रीला नायिकेची कामे मिळणे जवळजवळ अशक्य होते. काळसर वर्णाच्या शार्लटची ओळख तर पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून दिली जाई.

‘द डार्क एंजल’ (१९३५) मधील कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. विल्यम वायलरच्या ‘वुदरिंग हाइट्स’ (१९३९) मधील, लॉरेन्स ऑलिव्हिएसमोरची कॅथी ही तिची सर्वांत परिचित भूमिका. तिच्यातील हट्टीपणा आणि हळवेपणा तिने एकाच वेळी पेलला आहे. १९३७ मध्ये लंडनमधील मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला इजा झाली होती. पुढे ‘द लॉजर’ (१९४४) च्या वेळी छायालेखक ल्यूसियन बॅलार्ड याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसवायचा एक लहान दिवा तयार केला. त्याचा प्रकाश समोरून थेट चेहऱ्यावर पडत असल्याने व्रण पुसट होत आणि वर्णही उजळ दिसे. ‘ओबी’ या तिच्या नावावरून पडलेल्या नावाने हा दिवा छायालेखकांत रूढ झाला. कोर्डाशी १९३९ मध्ये झालेला विवाह १९४५ मध्ये संपल्यावर तिने बॅलार्डशी विवाह केला.

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट शहरात ‘भूमिकन्या’ म्हणून तिचे नागरी स्वागत झाले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे तिचे निधन झाले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रामुळे मुंबईचा जन्म उघड झाला. म्हणूनच २०२३ मध्ये मलेशियन अभिनेत्री मिशेल येओ हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा हे नामांकन मिळवणारी आशियाई वंशाची पहिली अभिनेत्री कोणती, या चर्चेत ओबेरॉनचे नाव पुन्हा पुढे आले.