विद्युत वाहनांची बॅटरी आणि मोटार विमा (खानदेश)

विद्युत वाहनाच्या बॅटरीला असलेल्या धोक्यांमुळे विम्याचा हप्ता आणि हाती पडणारी भरपाई कशी बदलते, हा या नोंदीचा विषय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली दिवसभर तापलेली स्कूटर संध्याकाळी घरी येताच चार्जिंगला लागते.

मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा असून त्याचे दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात विद्युत वाहनांना 15 टक्के सवलत मिळाली. 1000 सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, तर 30 किलोवॉटपर्यंतच्या विद्युत मोटारीला 1,780 रुपये. बॅटरीच्या धोक्याचा या रकमेशी काही संबंध नाही. खरा फरक पडतो तो दुसऱ्या भागात, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, ज्याला एजंट ‘ओडी’ म्हणतात. हा हप्ता गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे घसारा (वयामुळे होणारी किमतीतली घट) वजा करून उरलेल्या किमतीवर निघतो. विद्युत गाडीच्या किमतीचा मोठा वाटा एकट्या बॅटरीचा असल्याने आयडीव्ही वाढतो आणि त्याबरोबर हप्ताही. ओडीचा हप्ता ठरवण्यासाठी जुन्या दरपत्रकापासून चालत आलेल्या विभागणीत मोटारी आणि दुचाकींसाठी मुंबई-पुण्यासारखी आठ मोठी शहरे ‘झोन ए’ मध्ये आणि बाकी सारा देश ‘झोन बी’ मध्ये आहे. म्हणजे थंड हवेचे महाबळेश्वर आणि होरपळणारे भुसावळ एकाच खान्यात. इथल्या उन्हाची नोंद त्या विभागणीत कुठेच नाही.

मोटारीची बॅटरी बहुधा तळाशी धातूच्या पेटीत बसवलेली असते. रावेर-यावलकडच्या शेतरस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा किंवा एखादा धोंडा खालून लागला की पेटीला पोचा पडतो. बाहेरून तो बोटभर दिसतो. पण आतल्या सेलना इजा झाली की नाही, हे सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्याला, टॉर्च मारून कळत नाही. बॅटरी उघडून दुरुस्त करणारे कारागीर कमी, म्हणून अख्खी बॅटरी बदलण्याचा अंदाजपत्रकी आकडा येतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरली जाते. ओडीचा हप्ता चढा राहण्याचे हे मोठे कारण.

घसाऱ्याचा नियम ग्राहकाला सर्वाधिक चटका देतो. रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब यांच्याच ओळीत प्रमाणित पॉलिसीने ‘बॅटरी’ हा शब्द टाकला आणि त्यावर 50 टक्के घसारा लावला. हा नियम झाला तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा लहानसा डबा होता. समजा, अपघातात स्कूटरची 60,000 रुपयांची बॅटरी गेली. या नियमाने 30,000 रुपये मालकाच्या खिशातून जातात. तीच स्कूटर पूर्ण जळाली तर आयडीव्ही मिळतो, तिथे सुट्या भागांचा घसारा नाही. त्यामुळे ‘झिरो डेप’, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारे जादा संरक्षण, घेताना त्यात गाडी चालवणारी मुख्य बॅटरी धरली आहे का, हे एजंटकडून लेखी घेतलेच पाहिजे. जास्तीचा हप्ता इथे सार्थकी लागतो.

आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणे या गोष्टी ओडीत येतात. झीज, विद्युत बिघाड आणि त्यातून ओढवलेले पुढचे नुकसान येत नाही. खानदेशातला पेच नेमका इथे आहे. लिथियम बॅटरी उन्हाने एका दिवसात पेटत नाही. सततच्या उष्णतेने तिची क्षमता हळूहळू घटते. हे नुकसान झीज ठरते आणि त्यासाठी फक्त कंपनीच्या वॉरंटीकडे बघावे लागते. चार्जिंग करताना व्होल्टेजच्या चढउताराने बॅटरी बंद पडली तरी मूळ पॉलिसी हात वर करते. बॅटरीसाठीचे वेगळे ॲड-ऑन (जास्तीचा हप्ता भरून घेतलेले जादा संरक्षण) असेल तरच क्लेम उभा राहतो. 2022 मध्ये देशात स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्यावर एआयएस-156 आणि एआयएस-038 ही विद्युत वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके कडक झाली. त्यांचा पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. एका सेलमधला भडका शेजारच्या सेलना लागू नये, यावर त्यांचा भर आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने उत्पादनाची तारीख म्हणूनच पाहावी.

पुराचे नुकसान पॉलिसीत येते. पांझरा नदीचे पाणी धुळ्यात काठच्या वस्तीत शिरले आणि गाडी बुडाली, तर क्लेम करता येतो. मात्र पाणी ओसरल्यावर बटण दाबून किंवा चार्जर लावून पाहिले, तर त्यानंतरचा बिघाड विमा कंपनी नाकारू शकते. गाडी ढकलत बाहेर काढावी, फोटो घ्यावेत आणि आधी कंपनीला कळवावे.

ताशी 25 किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि 250 वॉटहून कमी शक्तीच्या स्कूटरना नोंदणी लागत नाही, विमाही सक्तीचा नाही. गावाकडे शाळकरी मुली आणि वयस्क माणसे त्याच वापरतात. बाहेरच्या खोलीतून वायर ओढून ओट्यावर लावलेली अशी स्कूटर रात्री पेटली, तर मोटार विमा नसल्याने स्कूटरचे पैसे बुडतातच, आणि दाराचे, सामानाचे नुकसान फक्त घराचा आगीचा विमा असेल तर भरून निघते.