मूकपटातली माणसं तुरुतुरु का चालतात?

मूकपट म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती तुरुतुरु चालणारी, झटके देत हातवारे करणारी माणसं. विनोदी कार्यक्रमात ‘जुना जमाना’ दाखवायचा असला की चित्र काळंपांढरं करतात आणि वेग वाढवतात, झालं काम. तेव्हाचे कॅमेरेच तसे होते, असा सरसकट समज आहे. तो खोडून काढायला एकाच चित्रपटाच्या दोन डिस्क पुरतात.

दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ घेऊ. १९२२चा जर्मन पिशाच्चपट. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून तो परवानगी न घेताच काढला होता. लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५मध्ये कोर्टाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. परदेशी गेलेल्या प्रिंट वाचल्या, म्हणून चित्रपट वाचला. मूळ निगेटिव्ह नाही, त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक आवृत्ती कुठल्या तरी वाचलेल्या प्रिंटची लेक किंवा नात. एखादी जेमतेम तासाभराची, तर लुसियानो बेरियातुआ यांनी २००६च्या सुमारास जीर्णोद्धार केलेली ९४ मिनिटांची. यातला काही फरक गळलेल्या दृश्यांचा आहे. बाकीचा निव्वळ वेगाचा.

हिशेब करून बघा. १९२२मध्ये या चित्रपटाची लांबी १,९६७ मीटर होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये सुमारे ५२.५ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रं, बसतात, म्हणजे एकूण एक लाख तीन हजारांच्या आसपास. सेकंदाला १८ फ्रेमने दाखवल्या तर साधारण ९६ मिनिटं, २४ने दाखवल्या तर ७२. एकही दृश्य न कापता २४ मिनिटं गायब!

हा २४चा आकडा आला आवाजामुळे. फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी आली आणि वेग स्थिर ठेवणं भाग पडलं, कारण वेग जरा हलला की गाणाऱ्याचा सूर हलतो. त्याआधी कॅमेरामन हाताने दांडा फिरवायचा. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला ८ फ्रेम, म्हणजे १६. प्रत्यक्षात कुणाचा हात १८वर जाई, कुणाचा २०वर. पुढे या फिल्म २४च्या यंत्रांवर चढवल्या गेल्या आणि पडद्यावरची माणसं धावू लागली.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. वेग वाढला की माणसं नुसती घाईत नाही दिसत, हास्यास्पद दिसतात. का? कारण गुरुत्वाकर्षण. पडणारी वस्तू जमिनीवर यायला लागणाऱ्या वेळाचा वर्ग गुरुत्वत्वरणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १८ने टिपलेलं २४ने दाखवलं तर प्रत्येक क्रियेला पाऊणपट वेळ लागतो. मग पडद्यावरच्या जगातलं त्वरण ४/३च्या वर्गाने, म्हणजे १.७८ पटीने वाढतं. ९.८चं थेट १७.४ मीटर प्रति सेकंद वर्ग! चालताना पुढे येणारा पाय हा बराचसा लंबकच असतो आणि लंबकाचा आवर्तकाळही गुरुत्वावरच ठरतो. जन्मापासून ९.८मध्ये वावरलेल्या आपल्या मेंदूला सूत्र येत नसलं तरी गडबड लगेच कळते. ‘नोस्फेरातू’त नायिका एलेन समुद्रकाठच्या वाळूवर क्रुसांमध्ये बसलेली दिसते. तिथे तिच्याकडे नव्हे, लाटांकडे बघा. लाटांना अभिनय करता येत नाही.

यातलं खरं नुकसान वेगळंच आहे. काऊंट ऑर्लॉक हे यातलं पिशाच्च. त्याची घोडागाडी एलेनच्या नवऱ्याला, हुटरला न्यायला येते ते दृश्य मुर्नाऊने मुद्दाम वेगवान केलंय. माणसांचा वेळ निराळा, पिशाच्चाचा निराळा. ऑर्लॉक शवपेट्या गाडीवर रचतो तेव्हाही तसंच. पण जिथे सगळा चित्रपटच पळतो, त्या आवृत्तीत ही गाडी गावच्या इतर गाड्यांसारखीच वाटते. भीतीच्या जागी हसू येतं.

मग १८ने डिस्क बनवायला काय हरकत आहे? पूर्ण हाय-डेफिनिशन ब्लू-रेमध्ये १८ला जागाच नाही. तिथे चालतात २४ पूर्ण चित्रं, किंवा एकाआड एक रेषांची ५० वा ६० अर्धचित्रं. १८चे २४ करायचे तर दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला सहा वेळा हालचाल किंचित अडखळते. ६० अर्धचित्रांत बसवायचं तर फ्रेमना ३, ३, ४ असे वाटे मिळतात. हे बरंच मऊ दिसतं. काही जण शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात आणि पडद्यावर पुसट दुहेरी आकृत्या उमटतात. भुतांच्या सिनेमात ही जास्तीची भुतं.

रंगाबद्दल थोडक्यात. तेव्हाच्या फिल्मवर रात्री बाहेर चित्रण करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून ‘रात्र’ भरदिवसा टिपायची आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवायची. स्वस्त आवृत्त्यांत हा निळा रंग उडालेला असतो. मग सूर्यप्रकाशाने मरणारं पिशाच्च काखेत शवपेटी घेऊन टळटळीत उन्हात फिरतं. ऑर्लॉक झालेला मॅक्स श्रेक खराच पिशाच्च होता, ही आवई आवडीने पसरवणाऱ्यांना हे ऊन कसं खटकत नाही, देव जाणे.

हल्ली ‘एआयने ४के, ६० फ्रेम’ अशी जाहिरात केलेले मूकपट फिरतात. १८ खऱ्या फ्रेममधून ६० काढायच्या तर सेकंदाला किमान ४२ फ्रेम यंत्राने अंदाजाने रचलेल्या असणार. बघायला हरकत नाही, पण त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.

आपल्याकडेही हा हिशेब लागू पडतो. फाळक्यांचा कॅमेराही हाताने फिरवायचाच होता. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी साधारण ३,७०० फूट सांगतात. फुटाला १६ फ्रेम धरल्या तर सेकंदाला १६च्या वेगाने तो सुमारे ६२ मिनिटं चालतो, २४च्या वेगाने ४१. त्याची लांबी म्हणून बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं ‘४० मिनिटे’.