नगरपरिषद क्षेत्रातील घरकुले (महाराष्ट्र)

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वतःचे पक्के घर मिळावे म्हणून नगरपरिषद किंवा नगरपंचायत जमिनीची तजवीज करते, बांधकामाची परवानगी देते आणि सरकारी अनुदान त्यांच्यापर्यंत पोचवते. या सगळ्या कामाला बोलीभाषेत एकच नाव आहे : ‘घरकुल’. महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषदविषयक अधिनियमानुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘अ’ वर्गात, ४०,००० ते एक लाखाच्या ‘ब’ वर्गात आणि २५,००० ते ४०,००० च्या ‘क’ वर्गात येतात. त्याखाली नगरपंचायती. या नोंदीत मुख्यतः ‘ब’, ‘क’ वर्ग आणि नगरपंचायती यांचा विचार केला आहे. महानगरात या प्रश्नाचे मोजमाप मजले आणि चटईक्षेत्र (भिंती वगळून घरातली वापरायची जागा) यांत होते. तालुक्याच्या गावात चित्र वेगळे असते. कुटुंब दोन पिढ्या एकाच जागेवर राहत असते, पण ती जागा कागदोपत्री त्याच्या नावावर नसते, आणि घरकुलाचे बहुतेक अर्ज इथेच अडतात.

नियमांची चौकट : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेने विकास आराखडा करायचा असतो. कोणती जमीन निवासी, कोणती शेती विभागात, रस्ता कुठून जाणार, दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षण कुठे, हे त्यात ठरते. प्रत्यक्ष बांधकामाला २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. मोठ्या रेखांकनात (जमिनीचे भूखंड पाडण्याच्या आराखड्यात) २० टक्के घरे किंवा भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची सक्ती या नियमावलीत आहे, मात्र ती दहा लाखांवरील लोकसंख्येच्या महानगरपालिकांपुरती. लहान गावात विकासकाकडून स्वस्त घरे मिळवण्याचा हा मार्ग बंदच आहे, आणि अनेक नगरसेवकांना याची कल्पना नसते.

उरतात तीन वाटा : आराखड्यातील आरक्षण, सरकारी किंवा नगरपरिषदेची जमीन, आणि कुटुंबाचा स्वतःचा भूखंड. पहिली वाट कागदावर छान दिसते. मात्र आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदेकडे मोबदल्याचे पैसे नसतात, म्हणून गावाजवळच्या मोक्याच्या जमिनी अशाच हातातून जातात. नोटीस आली त्याच आठवड्यात ती नगररचना विभागाकडे आणि सर्वसाधारण सभेपुढे नेणे, हा यावरचा एकमेव व्यवहार्य उपाय.

योजना : प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये. लहान गावात चालतो तो मुख्यतः तिचा वैयक्तिक घरकुलाचा घटक, म्हणजे स्वतःच्या जागेवर लाभार्थ्याने स्वतः बांधलेले घर. त्याला केंद्राचे १.५ लाख आणि राज्याचे १ लाख, असे एकूण २.५ लाख रुपये मिळतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत हवे, आणि पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. घर कुटुंबातील कर्त्या स्त्रीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर होते. दुसऱ्या टप्प्यात चटईक्षेत्र ३० ते ४५ चौ. मी., म्हणजे सुमारे ३२३ ते ४८४ चौ. फूट आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी सामाजिक न्याय विभागाची रमाई आवास योजना वेगळी आहे. एका कुटुंबाला दोन्हींचा लाभ घेता येत नाही, त्यामुळे दोन्ही याद्या नगरपरिषदेत एकाच टेबलावर ताडून पाहाव्या लागतात.

जमिनीचा कागद : मालमत्ता कराची पावती किंवा कर आकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे, ताबा आणि करभरणा एवढेच त्यातून कळते. मालकीसाठी नगरभूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या भागात मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) आणि इतरत्र सातबारा लागतो. नेहमीच्या अडचणी चार. आजोबांचे नाव अजून पत्रकावर असते आणि वारसनोंद झालेली नसते. उतारा सामाईक असतो आणि एक भाऊ संमती देत नाही. अशा वेळी नोंदणीकृत वाटपपत्र किंवा बक्षीसपत्र करावे, कारण साध्या मुद्रांक कागदावरची संमती पुढच्या हप्त्याला तक्रार आली की टिकत नाही. तिसरी अडचण गुंठेवारीची. शेतजमिनीचे एक-एक गुंठ्याचे (सुमारे १,०८९ चौ. फूट) तुकडे विकले गेले, पण रेखांकन मंजूर नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे असे भूखंड नियमित करता येतात. त्याचे शुल्क कुटुंबाला आधी भरावे लागते आणि ते अनुदानातून वळते होत नाही. चौथी अडचण सरकारी जागेवरच्या जुन्या वस्तीची. तिथे अतिक्रमण नियमानुकूल करून पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मिळेपर्यंत घरकुल मंजूर होत नाही. मोजणी, महसूल आणि नगरपरिषद या तिन्ही कचेऱ्यांची माणसे एकाच दिवशी वस्तीत बसली, तर महिनोन्महिने रेंगाळणारे हे काम खूपच लवकर आटोपते.

नदीकाठच्या गावांत पूररेषा पाहणे अनिवार्य. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम मंजूर होत नाही. अशा कुटुंबाचा अर्ज वैयक्तिक घटकात घेऊन वर्षभर लटकवत ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला पहिल्याच दिवशी दुसऱ्या जागेच्या यादीत घ्यावे.

मंजुरी ते ताबा : अर्जांची छाननी झाली की सर्वसाधारण सभेच्या मान्यतेने सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. तो राज्याच्या सुकाणू यंत्रणेकडे, म्हणजे म्हाडाकडे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे), आणि राज्यस्तरीय समितीमार्फत केंद्राच्या समितीकडे जातो. मंजूर यादीतले नाव बदलणे फार किचकट असते, म्हणून आधार, बँक खाते आणि उताऱ्यावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हे अहवालापूर्वीच तपासावे.

बांधकाम परवानगी सोपी झाली आहे. १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावर नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानली जाते; ३०० चौ. मी. पर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची असते. काही नगरपरिषदा लाभार्थ्यांसाठी तीन-चार नमुना नकाशे तयार ठेवतात आणि वास्तुविशारदाचा खर्च वाचवतात. हे सगळीकडे व्हायला हवे.

अनुदान टप्प्याटप्प्याने थेट खात्यात येते. रिकामी जागा किंवा कच्चे घर, पाया, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई), स्लॅब आणि पूर्ण घर असे फोटो स्थान-निर्देशांकासह मोबाइल ॲपवर चढवावे लागतात. कार्यादेशापूर्वीच (काम सुरू करण्याच्या लेखी आदेशापूर्वीच) जुने घर पाडले, तर पहिला फोटोच उरत नाही आणि प्रकरण तिथेच थांबते. लाभार्थ्याला हे अर्ज घेतानाच लेखी सांगावे.

खर्चाचे गणित : ३० चौ. मी. चटईक्षेत्राला भिंती धरून साधारण ३८० चौ. फूट बांधकाम होते. चौरस फुटाला १,८०० रुपये दर धरला तर खर्च ६,८४,००० रुपये. अनुदान वजा जाता ४,३४,००० रुपये कुटुंबाने उभे करायचे. रोजंदारीवरच्या माणसाला बँक सहजी कर्ज देत नाही आणि तो सावकाराकडे जातो. अर्धवट घरे गावोगाव जोत्यावर किंवा लिंटेलवर थांबलेली दिसतात, त्याचे हे एक कारण. मंजूर आकारापेक्षा मोठा पाया घालणे हे दुसरे मोठे कारण : ‘पुढे कधीतरी बांधू’ म्हणून जोते ६०० चौ. फुटांचे होते आणि पैसे जमिनीतच संपतात. जोत्याची आखणी कनिष्ठ अभियंत्याने स्वतः उभे राहून करून दिली, तर ही चूक टळते.

काळ्या मातीत आणखी सावध राहावे लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायावरच्या भिंती दुसऱ्याच वर्षी तिरक्या तडकतात. मुरूम लागेपर्यंत खोदावे आणि जोत्याच्या पातळीला सलग सळईची तुळई घालावी. ‘खर्च वाचवू’ म्हणून नेमकी हीच तुळई वगळली जाते. वाळूसाठी राज्याच्या २०२५ च्या धोरणात घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाहतूक मात्र स्वतःची, म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून फेऱ्या ठरवाव्यात.

सामूहिक वसाहती : ज्यांना जागाच नाही, त्यांच्यासाठी नगरपरिषद इमारती बांधते. २००५ नंतर एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रमात लहान शहरांत अशी घरे झाली, आणि कित्येक ठिकाणी ती रिकामी राहिली. जमीन फुकट मिळते म्हणून वसाहत गावाबाहेर जाते. धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रीचे काम गावात असते, रिक्षाभाड्यात मजुरीचा मोठा वाटा जातो, आणि ती जुन्या झोपडीत परत येते. जलवाहिनी, मलनिस्सारण आणि वीज जोडणी यांचे अंदाजपत्रक इमारतीच्या निविदेत नसले, तर बांधून झालेल्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळत नाही. ती निविदा वेगळी काढण्यात दोन पावसाळे जातात आणि दारे-खिडक्या चोरीला जातात. वाटप सोडतीने होते. ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्तींच्या कुटुंबांना तळमजला देण्यास प्राधान्य असते, म्हणून त्यांची वेगळी यादी सोडतीपूर्वीच जाहीर करावी. ताब्यापूर्वी सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी आणि पाण्याच्या पंपाचे वीजमीटर संस्थेच्या नावावर करणे, ही दोन कामे राहिली तर पहिले थकीत बिल येताच वरच्या मजल्यांचे पाणी बंद पडते.