एका तासाचं गृहीतक

रेडमधली (अनेक डिस्क जोडून एकच साठा करण्याच्या पद्धतीतली) बिघडलेली डिस्क बदलली की डेटा परत उभा राहतो, या भरवशामागचं गणित १९८८ चं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षीच्या निबंधात एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्क जोडायचं सुचवलं. अडचण उघड होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कमधली पहिली ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच जाणार.

उपाय पॅरिटीचा, म्हणजे बाकीच्या बिटांवरून काढलेला एक पडताळ्याचा बिट जपण्याचा. तीन डिस्कवर १, ० आणि १ हे बिट असतील तर त्यांचा एक्सॉर (१ ची संख्या सम असेल तर ०, विषम असेल तर १) ०. तो चौथ्या डिस्कवर. मधली डिस्क गेली तर उरलेल्या १, १ आणि ० यांचा एक्सॉर केला की हरवलेला ० हाती येतो. रिबिल्ड म्हणजे हेच, डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून (साठवणीच्या छोट्या तुकड्यापासून) शेवटच्यापर्यंत. आणि त्यासाठी उरलेली प्रत्येक डिस्क पूर्ण वाचावी लागते. पुढची सगळी दुखणी इथून निघतात.

त्या निबंधात दुरुस्तीचा वेळ धरला होता एक तास. १०० एमबीची डिस्क सेकंदाला १ एमबीने भरायची तर दोन मिनिटंही लागत नाहीत. तेव्हा तो तास सढळच होता. पुढे क्षमता लाखाहून अधिक पटींनी वाढली, वेग काहीशे पटच. १८ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी २०० एमबीने लिहिली, तरी २५ तास. तेही सर्व्हरवर दुसरं काही चालू नसेल तर.

त्यात न वाचता येणारा सेक्टर. साध्या साटा (घरगुती संगणकातल्या नेहमीच्या जोडणीच्या) डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटमागे एक अशी मर्यादा असते, म्हणजे १२.५ टीबी. ४ टीबीच्या आठ डिस्कचं रेड ५ (एका पॅरिटीचं) असेल तर रिबिल्डला २८ टीबी वाचावे लागतात. (प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण भिस्त ठेवावी असा हा आकडा नव्हे.) म्हणून दोन पॅरिटींचं रेड ६ रुळलं.

आणखी एक खाचखळगा लिनक्सवाल्यांना ठाऊक आहे. डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरशी मिनिटभरही झटत बसते, कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र ३० सेकंदांत कंटाळून ती रीसेट करतो. मग चांगली डिस्कही अ‍ॅरेबाहेर (जोडलेल्या डिस्कच्या संचाबाहेर) फेकली जाते. नासच्या (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीसाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, ती सोय इथे मोलाची. तसं नसेल तर कर्नलची मुदत १८० सेकंदांवर न्यावी, आणि हे रिबिल्डच्या आधी.

२००५ मध्ये खुल्या झालेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने वेगळी वाट धरली: फक्त वापरातले ब्लॉक परत लिहायचे. नाव दिलं रिसिल्व्हरिंग, आरशाला पुन्हा पारा चढवतात तसं. पण २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने २ ते ६ टीबीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क शिंगल्ड (कौलांसारखे माग एकमेकांवर चढवून लिहायच्या) पद्धतीच्या असल्याचं मान्य केलं, तेव्हा कळलं की नवी डिस्कच अडखळू शकते. सलग लिखाणाने तिची राखीव जागा भरते, वेग कोसळतो, आणि रिसिल्व्हरिंग दिवसचे दिवस रेंगाळतं किंवा चुका दाखवून थांबतं. बदली डिस्क मागवताना मॉडेल क्रमांकावरून ती सीएमआर (माग एकमेकांवर न चढवणारी) आहे ना, हे आधी बघावं.