बुडतो तो पूल की बंधारा?

जुलैत पावसानं जोर धरला की निपाणी-चिक्कोडी भागात ठरलेली बातमी येते: पूल पाण्याखाली. नावंही ठरलेली, कल्लोळ–येडूर, जत्राट–भिवशी, अकोळ–सिदनाळ. पण तिथं बुडतो तो बंधारा. त्याच्या माथ्यावरून आपण गाड्या नेतो, म्हणून तोंडात पूल बसलाय.

फरक बघायचा तर उन्हाळ्यात पात्रात उतरून खांब बघा. बंधाऱ्याचे खांब दाटीनं, साधारण दोन-दोन मीटरवर उभे असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर वरून खालपर्यंत खाचा असतात. पावसाळा सरला की या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, सोडतात, दोन ओळींच्या मध्ये माती ठासतात आणि नदी अडते. काठचा ऊस त्याच पाण्यावर पोसतो. जूनमध्ये पूर यायच्या आत बरगे काढायचे. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पुरानं त्याच्या डोक्यावरून जावं, अशीच त्याची आखणी असते. म्हणून तो बुडाला म्हणजे बांधकाम फसलं असं नव्हे.

पुलाचं गणित उलटं. त्याला पाणी अडवायचं नसतं, वाट द्यायची असते. म्हणून गाळे, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, रुंद; खाचा नाहीत. आधी महापुराची पातळी ठरवतात आणि तुळईचा तळ तिच्याही वर ठेवतात. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमांत सेकंदाला 300 ते 3000 घनमीटर पाण्यासाठी हे अंतर किमान 1.2 मीटर आहे, त्याहून मोठ्या पुराला 1.5 मीटर. वाहून येणारं झाड खालून निघून जावं, म्हणून ही मोकळी जागा.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे आपली दरवर्षीची मागणी: 'बंधाऱ्याची उंची वाढवा.' ती मला पटत नाही. माथा उचलला तरी खालचे गाळे दोन मीटरचेच राहणार. पूर ओसरल्यावर त्या खांबांना अडकलेलं बघा: उसाचा पाला, जलपर्णी, बाभळीची अख्खी फांदी. पाणी वर चढेल तसा हा कचराही वरपर्यंत तुंबतो, मागं फुगवटा येतो आणि वरच्या अंगाची शेतं जास्त दिवस पाण्यात राहतात. दोन्ही बाजूंना भरीव कठडे बांधा म्हणणंही तसंच. पुरात तो कठडा म्हणजे आणखी एक बांध. बुडणाऱ्या वाटेवर सुटे दगड रोवतात किंवा काढता येणारे कठडे बसवतात, ते यासाठीच. मागायचाच तर बंधारा आहे तसा ठेवून शेजारी वेगळा पूल मागावा.

आणि पूल मागताना नकाशात दोन्ही टोकांचा रस्ताही बघावा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला. पूल कितीही उंच असला तरी जोडरस्ता सखल असेल तर गाव तुटतंच. आणि तोच रस्ता नुसत्या मातीच्या भरावानं उचलला तर पूरमैदानात आडवा बांध तयार होतो. त्या भरावात पाण्याला गाळे किती ठेवलेत आणि कुठं, हे काम सुरू व्हायच्या आत ग्रामसभेत विचारून घ्या.