ई-सिगारेट बाजारात आणायची तर: अर्ज कोणी करायचा, कागदपत्रे कोणती आणि नियम कुठे कडक हवा

भारताने 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळेच बंद केले. तिथे अर्जाचा प्रश्नच उरत नाही. जिथे विक्रीला वाव आहे, तिथे दोन पद्धती ठळक दिसतात. युरोपीय संघात विक्रीआधी सरकारला सूचना द्यावी लागते, अमेरिकेत विक्रीआधी परवानगी घ्यावी लागते. दोन्हींत अर्ज भरावाच लागतो, पण सूचना दिल्यावर सरकारच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. खरा फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

अर्ज करायचा तो उत्पादकाने किंवा आयातदाराने. किरकोळ दुकानदाराचा इथे संबंध नाही. युरोपात माल बाजारात येण्याच्या सहा महिने आधी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मालात मोठा बदल केला की नवी सूचना.

युरोपातल्या पात्रतेच्या अटी मोजमापाच्या आहेत: निकोटिन प्रति मिलिलिटर 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, रिफिलची बाटली 10 मिलिलिटरपर्यंत, उपकरणातली द्रवाची टाकी 2 मिलिलिटरपर्यंत, झाकण मुलांना उघडता येणार नाही असे. निकोटिन व्यसन लावते, हा इशारा पाकिटावर हवाच.

कागदपत्रांत उत्पादक-आयातदाराची माहिती, सर्व घटकांची प्रमाणासह यादी, उपकरणाच्या भागांचे वर्णन, उत्पादनाची पद्धत आणि गुणवत्ता व सुरक्षिततेची पूर्ण जबाबदारी घेतल्याचे घोषणापत्र लागते. यातला सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे विषारीपणाची माहिती, तीही द्रव तापल्यानंतरची. बाटलीतला द्रव तपासून भागत नाही. उपकरणातल्या तापलेल्या तारेवर त्याची वाफ होताना फॉर्माल्डिहाइड हे विषारी रसायन तयार होऊ शकते, तारेतले धातूही वाफेत उतरू शकतात. अमेरिकेत 2019 मध्ये अशी वाफ ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या आजाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 मृत्यू नोंदले गेले. तिचा घट्ट संबंध निघाला तो मुख्यतः गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी. गोळीतून पोटात जाणारा, त्वचेवर लावला जाणारा हा पदार्थ. श्वासातून गेला तेव्हा जिवावर बेतला. म्हणून ‘हा घटक खाण्यातही असतो’ हे उत्तर कोणत्याही सरकारने स्वीकारू नये.

अमेरिकेत यापुढची पायरी आहे. उत्पादन सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी योग्य आहे, हे कंपनीने पुराव्यानिशी दाखवायचे असते. धूम्रपान करणारे किती जण सिगारेट सोडतील आणि कधीच न ओढणारे किती जण नव्याने सुरू करतील, हे दोन्ही तोलले जाते. अशी पहिली परवानगी ऑक्टोबर 2021 मध्ये मिळाली, ती तंबाखूच्या स्वादाच्या उत्पादनाला. गोड, फळांच्या स्वादांचे लाखो अर्ज मात्र फेटाळले गेले. मुलांना ओढणाऱ्या स्वादाचा मोठ्यांना जास्त फायदा होतो, हे त्या कंपन्यांना दाखवता आले नाही.

युरोपातही तरुण आणि धूम्रपान न करणारे काय पसंत करतात याची माहिती कंपनीने द्यायची असते, पण ती दरवर्षी, विक्री सुरू झाल्यावर. माझ्या मते हाच प्रश्न पहिल्या अर्जात हवा. एकदा शाळकरी मुलाला निकोटिनची सवय लागली की वर्षअखेरीचा अहवाल त्याच्या काय उपयोगाचा?

परवानगी मिळाली म्हणजे काम संपले असेही नाही. अमेरिकेत विक्री आणि जाहिरातीचे अहवाल देत राहावे लागतात, आणि मुलांमध्ये वापर लक्षणीय वाढल्याचे दिसले तर दिलेली परवानगी काढूनही घेता येते.