व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे डॉक्टर: दोन्ही 'ऑनलाइन', पण काम वेगळं

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरला बसते. रोज फोन येतो, "ताई, डॉक्टर ऑनलाइन बघतात काय?" आता ऑनलाइन म्हणजे कुणाला व्हिडिओ कॉल हवा असतो, तर कुणाला नुसता मेसेज टाकून मोकळं व्हायचं असतं. शब्द एकच, म्हणून सगळा घोळ. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून जीपी म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० ऑनलाइन कन्सल्टेशन चालू ठेवावं लागतंय, ते ऐकून लोकांना वाटतं तिकडं डॉक्टर दिवसभर व्हिडिओवर बसतात, पण ते बरंचसं फॉर्ममध्ये तक्रार लिहून पाठवायचं काम आहे.

व्हिडिओ कॉल म्हणजे अपॉइंटमेंटच. वेळ ठरते, माणूस समोर दिसतो, दम लागतोय का ते कळतं, दहा मिनिटांत विषय संपतो. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता तेव्हा ह्याचाच आधार होता. वाईट एवढंच की पोट दाबून बघायचं असेल तर शेवटी "येऊन जावा" म्हणावं लागतं, म्हणजे एकाच दुखण्याच्या दोन फेऱ्या.

मेसेजचं तसं नाही, त्याला शेवटच नसतो. आम्हाला वाटलं होतं गर्दी कमी होईल, झालं उलटंच, कारण मेसेज टाकणारा उत्तर आलं नाही की फोन करतो, आणि तरी समाधान झालं नाही तर दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन उभा राहतो. रात्री अकराला "जरा अ‍ॅसिडिटी वाटतीय, डावा हात दुखतोय" असं लिहून माणूस निवांत झोपतो, त्याच्या मते डॉक्टरांना सांगून झालं, आणि डॉक्टरांनी फोन बघितलेलाच नसतो. हे मला सगळ्यात भीतीचं वाटतं. ते हार्ट अटॅकचंही असू शकतं, असं दुखत असेल तर मेसेज नको, थेट १०८ लावा.

दुसरं म्हणजे, ज्याला नीट टाइप करता येतं त्याचा नंबर आपोआप आधी लागतो, आणि गारगोटीहून एसटीनं आलेली आजी बाकड्यावरच. पण एक चांगली गोष्ट पण झाली जी कुणाच्या डोक्यात नव्हती, काउंटरवर चारचौघांत जे बोलवत नाही, मूळव्याध म्हणा, पांढरं जाणं म्हणा, ते बायका (आणि पुरुषही, लाजतात तेच जास्त) लिहून मोकळ्या होतात. अडचण एवढीच की दवाखान्याचा तो फोन माझ्याकडं असतो, ते आधी मीच वाचते, आणि हे त्यांना माहीत नसतं. आता आम्ही ते प्रोफाइलवरच लिहून टाकलंय.

औषधाचा नियमही दोन्हीकडं सारखा नाही. २५ मार्च २०२० ला केंद्राची टेलिमेडिसिनची गाइडलाइन आली, त्यात व्हिडिओ, ऑडिओ, मेसेज तिन्हीला परवानगी आहे. पण पेशंट पहिल्यांदाच दाखवत असेल तर नुसत्या मेसेजवर पॅरासिटामॉल, ओआरएस असली साधी औषधंच देता येतात, गाइडलाइनमधल्या त्याच्या पुढच्या यादीतलं काही लिहायचं तर व्हिडिओच लागतो. त्याच तक्रारीसाठी गेल्या ६ महिन्यांत प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तर मग तो फॉलोअप, बीपीची चालू गोळी पुढं चालू ठेवणं वगैरे जमतं. त्यामुळं "फोटो टाकलाय की, अँटिबायोटिक लिहून द्या" म्हणून नवीन पेशंट भांडला तरी उपयोग नाही. आणि ट्यूबलाइटखाली काढलेल्या पुरळाच्या फोटोत दिसतं तरी काय, सगळं पिवळं. रिपोर्टचा फोटो मात्र खुशाल टाका, तो वाचता येतो.

फीचं तर विचारूच नका. व्हिडिओला लोक आधी पैसे टाकतात, आणि मेसेजचे मागितले की, "अहो ताई, नुसतं विचारलं तर होतं!"